मोहनाताईंचं अक्षर

भिंगार,
१८ नोव्हेंबर १९७१

वहिनी,

नमस्कार. खुशाली मागाहून सांगते, आधी बातमी ऐका. मोहना आरोळकर नगरला येणार आहेत!

१२ डिसेंबरला, रविवारी दुपारी चार वाजता. नेहमीचा गाण्याचा जलसा नाही हं. एकट्या येणार आहेत. ‘माझं मीच सांगते’ असं कार्यक्रमाचं नाव. खुर्चीत बसून जन्मापासूनची हकीकत सांगतात म्हणे, मध्येच उठून कुणाची नक्कल करतात, मध्येच गातात. पुण्याला झाला तेव्हा पेपरात केवढं लिहून आलं होतं. मी पहाटेच रांगेत उभी राहून दोन तिकिटं काढली. दुसरं तुमचं आहे.

नाही म्हणू नका. पुणतांब्याला ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावर त्यांचं गाणं लागलं की आपण दोघी घाटाच्या पायऱ्यांवर धुणं तसंच ठेवून उभ्या राहायचो. एकदा तुमचं लुगडं गोदावरीतून वाहत गेलं आणि आईनं तुम्हाला दोन दिवस बोलून घेतलं. त्या लुगड्याची तरी भरपाई होऊ द्या.

आणि मला तर त्यांना भेटायचंच आहे. तुम्हाला सगळं माहीतच आहे. आठ वर्षांत त्यांची अकरा पत्रं आली मला. एवढी मोठी बाई, पण कधी उत्तर चुकवलं नाही. पुण्याहून रेडिओच्या आवाजाच्या परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. दादा नको म्हणत होता, आई रडत होती, पण मी कुणाचंच ऐकणार नव्हते. मोहनाताईंचं ऐकलं. ‘तुझा आवाज घरातल्या समईसारखा आहे, त्याला बाहेरच्या वाऱ्यात नेऊ नकोस. या वाटेवर मी काय सोसलं ते तुला कधी सांगणार नाही.’ ते वाचलं आणि बोलावण्याचा कागद मी स्वतः फाडला. पुढं ट्रेनिंग कॉलेजला जा, स्वतःच्या पायावर उभी राहा, हेही त्यांनीच लिहिलं. म्हणून तर आज मी इथे भिंगारला मास्तरीण आहे. आईनंतर मला कुणी घडवलं असेल तर त्यांनी.

त्यांना पत्र टाकलंय, कार्यक्रम झाल्यावर पाच मिनिटं भेटू द्या म्हणून. सगळी पत्रं बरोबर नेणार आहे. दादाला सांगून शनिवारच्या गाडीने या. माझी घरमालकीण मुबारकबी तुमच्यासाठी अंथरूण घालून तयार आहे.

तुमची
गोजर

*

पुनतांबा,
ता. २७ नोव्हेंबर

गोजरवन्सं यांस बनूचा रामराम.

पत्र पावलं. हितं समदी बरी हायती. सासूबाईंचं गुडघं धरल्यात, हांडा उचलवत न्हाई. उसाची तोड चालू हाय, मानसं जेवायला असत्यात. मला काय येनं जमत न्हाई. तिकीट दुसऱ्या कुनाला द्या.

वन्सं, माजं ऐकाल तर तुमीबी जाऊ नका. मानूस गान्यात गोड आसतंय ते गान्यातच ठेवावं. जवळ जाऊन बघितलं का कायतरी उणं दिसतंय. आन् ती पत्रं तर अजिबात घेऊन जाऊ नका. त्यांनी एकटीला म्हनून लिवलं, ते चार लोकांत काढलं तर त्यान्ला लाजल्यागत व्हईल. मोठ्या लोकांचं ध्यानात तरी राहतं का कुनाला काय लिवलं त्ये.

तुमच्या दादांनी तुमच्यासाठी गुळाची ढेप ठेवलीया, कुनी येनारं आसलं तर धाडते.

चुकभूल माफ करा. हातातलं काम टाकून लिवलंय.

बनू

*

भिंगार,
२३ जानेवारी १९७२

वहिनी,

लढाईमुळे पत्र राहिलं. इथे छावणीच्या बाजूला तर तीन आठवडे काळोखच होता. खिडक्यांना काळे कागद, कंदील पलंगाखाली. मुबारकबीचा भाचा हैदर फौजेत आहे, तो सुखरूप असल्याची तार परवा आली आणि तिनं गल्लीत साखर वाटली. तर अर्थातच १२ डिसेंबरचा कार्यक्रम रद्द झाला. तुम्हाला बरं वाटलं असेल! पण थांबा, नवी तारीख लागली आहे. २० फेब्रुवारी, रविवार, तेच चार वाजता.

आणखी एक सांगायचं. मोहनाताईंचं उत्तर आलं. बारावं पत्र. वाचून मी रात्रभर विचारात होते. लिहितात, ‘मला रंगमंचावर बघायला येऊ नकोस. तिथे मी लोकांसाठी सजवलेलं आयुष्य सांगते. माझं खरं तुझ्याजवळ कागदावर आहे, तेवढं पुरे मान. भेटलीस तर मी तुला ओळखही देऊ शकणार नाही, आणि ते तुझ्यापेक्षा मला जास्त लागेल.’

किती संकोची बाई आहे ना? मला वाटतं आता वय झालं, पूर्वीसारखं दिसणं राहिलं नाही, म्हणून भीती वाटत असेल. मी जाणारच. ओळख दिली नाही तर नुसत्या पाया पडून येईन. तुमच्या तिकिटावर मुबारकबीला नेते आहे. तिला गाण्यातलं काही कळत नाही, पण ती म्हणते, ‘बेटी, जिनं तुला आठ साल लिवलं तिचं तोंड तर बघू.’

आईच्या गुडघ्यांना एरंडाचं तेल लावता का?

तुमची
गोजर

*

पुनतांबा,
ता. २ फेब्रुवारी

गोजरवन्सं यांस,

त्यांनी येऊ नको म्हनलं आसताना तुमी कशाला जाताय? मोठ्या मानसाचा शब्द हाय. आजवर त्यांचा शब्द मोडला न्हाई, आत्ताच कशापायी मोडता?

मी तुमच्या पाया पडते, जाऊ नका. त्या दिवशी हिकडं या. वाटलं तर दादांना घ्यायला धाडते. पोरगी रोज आत्या आत्या करती.

हातातलं काम टाकून लिवलंय.

बनू

*

भिंगार,
२४ फेब्रुवारी १९७२

वहिनी,

चार दिवस झाले, आज लिहायला बसले. काही न गाळता सांगते.

मांडव भरला होता. आम्हाला सातव्या रांगेत जागा मिळाली. पिशवीत बारा पत्रं, रेशमी रुमालात बांधलेली. पडदा वर गेला तर स्टेजवर एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या, बाकी काही नाही. मग त्या आल्या. ठेंगण्या, जाड, हिरवं लुगडं, चालताना एक पाय किंचित ओढत. फोटोतल्या मोहना आरोळकर कुठे दिसेनात. पण ‘बसा हो सगळे’ असं म्हणाल्या आणि तोच आवाज! मुबारकबीनं माझा हात धरला.

किती छान सांगत होत्या. खाडीकाठचं गाव, देवळात झाडलोट करणारी आई, दोघी बहिणी. मुंबईला मावशीकडे आल्या तेव्हा बोटीत उलट्या करून करून घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डवाल्यांसमोर गायचं होतं, ती हकीकत सांगताना अख्खा मांडव हसत होता. मीही हसत होते. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दुकानात जाऊन स्वतःचंच गाणं लावायला सांगितलं आणि दुकानदारानं हाकलून दिलं, तेव्हा मी रडले.

मग त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “आता एक सांगते, जे तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला लिहिता-वाचता येत नाही.”

लोक हसले. त्यांना वाटलं पुन्हा काही गंमत आहे.

“हसू नका,” त्या म्हणाल्या. “एक अक्षर येत नाही. शाळेची पायरी चढले नाही. गाण्याची ओळ माझी थोरली बहीण वाचून दाखवायची, मी कानानं उचलायची. रेकॉर्डिंगला हातात कागद धरायची, पण तो उलटा आहे का सुलटा ते तिनं आधी बघून दिलेलं असायचं. ती होती तोवर हे झाकलं गेलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. आता झाकणारं कुणी नाही, म्हणून उघडंच करून टाकते.”

मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

“तुमची पत्रं यायची हो,” त्या म्हणाल्या. “पोतीच्या पोती यायची. बहीण त्यातली दोन-चार वाचायची, बाकीची तशीच माळ्यावर. उत्तर एकालाही दिलं नाही. देणार कशी? सही तेवढी येते, तीसुद्धा मी रांगोळी काढावी तशी काढते. इथे कुणी असेल, मला लिहून वाट बघत बसलेलं, तर त्यांच्यापुढं आज हात जोडते.”

आणि त्यांनी खरंच हात जोडले, वहिनी. माझ्याच दिशेनं असं मला वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुबारकबी मराठी बरी समजते. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मग तिनं तोंड फिरवलं.

नंतर काय गायल्या ते मी ऐकलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुबारकबीनं मला ओढतच मागच्या बाजूला नेलं. “पुछ, पुछ तिला,” म्हणत होती. मोहनाताई लाकडी पेटीवर बसून पायाला तेल चोळून घेत होत्या. मी रुमाल सोडून पत्रं पुढं केली. त्यांच्याबरोबरच्या बाईनं परळचा पत्ता वाचला आणि म्हणाली, “ही कुठली चाळ? आम्ही परळला कधीच राहिलो नाही.” मोहनाताईंनी एक कागद हातात घेतला, अक्षरावरून बोट फिरवलं आणि मला परत दिला. “वाच गं, काय लिहिलंय मी.”

मी पहिलं पत्र वाचलं. तेच, समईचं. आठ वर्षांत मी ते शंभरदा वाचलं असेल, पण मनात. मनात वाचताना तो आवाज मोहनाताईंचा असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं, आणि दोन ओळी झाल्यावर माझ्या कानात दुसराच आवाज बोलायला लागला. शेवटच्या ओळीला मी थांबले. ‘हातातलं काम ठेवून लिहिते आहे.’ मी आपलं समजत होते की तालीम ठेवून, रेकॉर्डिंग ठेवून.

“कुणी लिहिलं हे?” मोहनाताई म्हणाल्या. “चांगलं लिहितं हो माणूस. मला असं बोलता आलं असतं तर आणखी दहा गावांत कार्यक्रम झाले असते.”

मी विचारलं, “ताई, मी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्हीही नको जाऊ म्हणाला असता का?”

“मी?” त्या हसल्याच. “मला रेडिओनं बोलावलं असतं ना अठराव्या वर्षी, तर मी पुण्यापर्यंत अनवाणी चालत गेले असते. तुला कशाला अडवू? गा बघू काहीतरी.”

मी त्यांचंच गाणं म्हटलं. दोनच ओळी. वरच्या सुराला आवाज फाटला. किती वर्षांत गळा उघडलाच नव्हता. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. तेलाचा वास येत होता त्या हाताला. म्हणाल्या, “होता गं आवाज.”

होता.

वहिनी, मला एवढंच कळवा. तुमचे मुंबईचे भाऊ, कारभारी, परळला कुठल्या चाळीत राहतात?

गोजर

*

पुनतांबा,
ता. ६ मार्च

गोजरवन्सं यांस,

तुमचं पत्र वाचून डोस्कं सुन्न झालं. तुमी काय इचारताय त्ये मला कळंना. माजा भाऊ कारभारी गिरनीत हाय, त्यो कुठं राहतो मला काय ठावं. मला येड्या बाईला आसलं लिवायला येतं व्हय? चार वळी लिवायच्या तर माजं आर्दं दूध उतू जातंय. ती बाईच खोटं बोलत आसंल. गानाऱ्या बायका नाटकं करत्यात.

तुमी लई मनाला लावून घेऊ नका.

बनू

*

भिंगार,
१३ मार्च १९७२

वहिनी,

त्या बाईनं हजार माणसांसमोर आपलं न्यून सांगितलं. तिला खोटं म्हणू नका.

या वेळी तुम्ही ‘हातातलं काम टाकून’ लिहायचं टाळलंत. मी ते बघितलं.

गोजर

*

पुणतांबा,
९ एप्रिल १९७२

वन्सं,

पाकीट उघडल्याबरोबर अक्षर ओळखलं असेल. हेच माझं खरं अक्षर आहे. तुम्हाला माहीत होतं ते चुलीपुढं मांडीवर कागद ठेवून घाईघाईनं काढलेलं. आणि शुद्ध मला पहिल्यापासून येतं.

मी कोपरगावच्या शाळेत सातवी झाले. वडील वाचनालयात शिपाई होते. संध्याकाळी ते झाडलोट करायचे आणि मी तिथेच बसून वाचायची. लग्न होऊन आले तेव्हा ट्रंकेत दोन कादंबऱ्या होत्या. सासूबाईंनी त्यातली एक ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. रागानं नाही, त्यांना पुस्तकाचा दुसरा उपयोग माहीत नव्हता. मग मीही या घरात सगळे बोलतात तसंच बोलू लागले आणि तसंच लिहू लागले. तुम्ही शाळेतून येऊन माझं ‘हाय’ सुधारायचात तेव्हा मला हसू यायचं.

तुम्ही मोहनाबाईंना पहिलं पत्र टाकलं आणि दोन महिने पोस्टमनची वाट बघितली, ते मी बघत होते. मग पुण्याचं बोलावणं आलं. दुसरं पत्र तुम्ही माझ्या हातात दिलंत, स्टेशनवरच्या पेटीत टाकायला. पाकीट नीट चिकटलं नव्हतं म्हणून उघडलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते चिकटलेलं होतं.

मला सातवा महिना होता. आधीचे दोन पोटातच गेले होते. रात्री पोटात कळ आली की तुम्हीच उठायचात. तुमचे दादा शेतावर, सासूबाईंना ऐकू कमी. तुम्ही पुण्याला गेला असता तर त्या घरात मी एकटी उरले असते. तुमच्या दादांनी मला काही करायला सांगितलं नाही. त्यांना आजही माहीत नाही. मोहनाबाईंचा म्हणून पत्ता मी कारभारीच्या चाळीचा दिला; तो फक्त माझी पत्रं मुंबईच्या पेटीत टाकायचा आणि तुमची पत्रं पाकिटात घालून मला पाठवायचा. जे केलं ते मीच केलं, आणि तुमच्या भल्याचं म्हणून केलं नाही. मला तुम्ही घरात हव्या होता. पोरगी जगली. तुम्ही होता म्हणून जगली, असं मला अजून वाटतं.

एकाच पत्रावर थांबायचं होतं. पण तुमचं उत्तर आलं. मला आयुष्यात कुणी तसं पत्र लिहिलं नव्हतं. तुम्हाला नदीची भीती का वाटते, रात्री काय स्वप्नं पडतात, सगळं त्यात होतं. माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपणारी मुलगी, आणि हे मला मुंबईहून फिरून आलेल्या कागदावर कळत होतं. मग मी दुसरं लिहिलं. तिसरं लिहिलं. ती हौसेनं लिहिली, त्याला कसलंही कारण नव्हतं. सगळे शेतावर गेले की कोठीत बसून लिहायची. वहिनी म्हणून मला तुम्हाला ‘तुमी’ म्हणावं लागतं. मोहनाताई होऊन ‘तू’ म्हणता आलं.

तिसऱ्या वर्षी तुम्ही लिहिलंत, ‘माझी वहिनी मनानं चांगली आहे, पण तिच्याजवळ काही बोलावं असं तिच्यात काही नाही. चूल आणि गोठा यापलीकडं तिला जग नाही.’ त्या दिवशी मी चूल पेटवायची विसरले. उत्तरात मी लिहिलं, ‘तुझ्या वहिनीला एकदा काही विचारून तर बघ.’ तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर कदाचित सगळं सांगून टाकलं असतं. कदाचित नसतंही.

ट्रेनिंगला जा, हे मी लिहिलं तेव्हा मला कळत होतं की तुम्ही आता जाणार आणि मी एकटी पडणार. तरी लिहिलं. तुमच्या दादांशी आठ दिवस भांडले त्यासाठी. त्यानं पहिलं भरून निघत नाही, हे मला समजतं.

तू गायली असतीस. ते मला तेव्हाच माहीत होतं. ओट्यावर दळण निवडताना तू गायला लागलीस की माझे हात थांबायचे. तुझा आवाज साधा असता तर मी घाबरले नसते, जा म्हणाले असते, चार दिवसांत परत येईल म्हणून. तू परत येणार नव्हतीस.

माफ करा, हात जुन्या सवयीनं चालला.

तुमची सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत, धान्याच्या कणगीत. एकतीस. पाठवू म्हणालात तर पाठवते. माफी मागायचा मला हक्क नाही, तरी मागते. एवढं करा, तुमच्या दादांना सांगू नका. आणि अक्षय्य तृतीयेला या. तुम्ही आला नाहीत तर मी काय कारण सांगू?

बनू

*

भिंगार,
१६ ऑगस्ट १९७२

वहिनी,

चार महिने मी उत्तर दिलं नाही. मे महिन्यात दादा येऊन गेला ते तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीनं तळ गाठला, यंदा आंब्याला मोहरच नव्हता, असं काय काय सांगत ओसरीवर बसला होता. मग म्हणाला, “गोजे, सणाला का आली न्हाईस? बनी जेवत न्हाई नीट. तुजं पत्र आलं का म्हनून रोज इचारती.” सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मुबारकबी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “शाळेचं काम होतं, दादा.” त्यानं खरं मानलं. तुमच्यासाठी गप्प बसले असं समजू नका. त्याचा चेहरा बघून गप्प बसले.

तुमच्याबद्दलचं माझं ते वाक्य तुम्ही मला परत वाचून दाखवलंत. मी तसं लिहिलं, त्याची मला लाज वाटते. शेजारी झोपणाऱ्या बाईला मी आठ वर्षांत ओळखलं नाही, हा माझाच आंधळेपणा. पण ते वाक्य तुम्ही वाचावं म्हणून मी लिहिलेलं नव्हतं. त्यातलं काहीच तुम्ही वाचावं म्हणून नव्हतं. नदीचं, स्वप्नांचं, आणि नंतर त्या ट्रेनिंग कॉलेजातल्या माणसाचं, जे मी मुबारकबीलाही सांगितलेलं नाही. दरवेळी घरी आले की तुम्ही मला वाढत होता, माझे केस विंचरत होता, आणि तुम्हाला ते सगळं माहीत होतं. रात्री जाग आली की हेच आठवतं. पुण्याचं सुद्धा एवढं आठवत नाही.

पत्रं पाठवू नका. जाळूही नका. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

काल स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत मोठा कार्यक्रम होता. मोठ्या बाईंनी विचारलं, “गोजरबाई, तुम्ही म्हणाल का एखादं गाणं?” मी नेहमीसारखं ‘मला जमायचं नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. आठ वर्षं मी हे म्हणत आले, आणि ते माझं नव्हतंच. मी हो म्हटलं.

पटांगणात अख्खी शाळा, छावणीतले दोन साहेब, बाहेर भिंतीवर चढलेली माणसं. मी उभी राहिले. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला आवाज चिरकला. मागच्या रांगेतल्या मुली खुदखुदल्या. मी थांबले नाही, शेवटपर्यंत म्हटलं. चांगलं झालं नाही, वहिनी. शिकवणारं कुणी मिळालं असतं, रोज बसले असते, तर ते चांगलं झालं असतं. हे मला म्हणता म्हणताच कळत होतं आणि तरी म्हणावंसं वाटत होतं. खाली उतरले तेव्हा मला हसू येत होतं.

घरी आले, दार लावलं आणि कागद घेऊन बसले. हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. वर लिहिलं, ‘प्रिय मोहनाताई’. आणि मग हात तसाच राहिला. त्या बाईंना वाचता येत नाही. आणि ज्यांना मी लिहीत होते त्या कधी नव्हत्याच. मुबारकबीला सांगितलं तर ती साखर आणायला धावेल. मला साखर नको होती. मला कुणीतरी वाचायला हवं होतं.

तो कागद फाडला आणि हा घेतला. वाचणाऱ्या तुम्हीच होता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. मी माफ केलेलं नाही. दिवाळीला येणार नाही. दादाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, ते तुम्हाला चांगलं जमतं.

या पत्राला उत्तर पाठवू नका. तुम्ही लिहाल ते मला आवडेल, याचीच मला भीती वाटते.

गोजर